पडद्यामागील विद्या

नाटकाहून परत आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? कामे कोणाकोणाची होती, पदे कशी झाली, अमक्याची भूमिका वठली की नाही. दिवे कोणी लावले होते, असे कोणी विचारल्याचे मला तरी स्मरत नाही. ज्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत, ती माणसे अशी कधीच न विचारली जाणारी आहेत. त्यांच्या कामाला विद्या म्हणावे काय, ती महाविद्यालयात जाऊन शिकावी काय, आणि गरीब घरच्या मुलामुलींनी शिष्यवृत्तीच्या आधाराने ती शिकण्याची उमेद धरावी काय, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न मला प्रथम एका विद्यार्थ्याने विचारला, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलीने. पहिल्या वेळी मी त्याचे उत्तर चुकीचे दिले. ती चूक आपणांपुढे मांडावी, एवढ्याचसाठी मी हे भाषण करावयाचे पत्करले.

महाड तालुक्यात सावित्री नदीच्या काठी दासगाव नावाचे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता त्या गावावरून जातो. पूर्वी तेथे नांदते बंदर होते. मुंबईहून निघालेला उतारू तेथे उतरून पुढे महाडची वाट धरी. त्या भागात मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शाळेच्या संमेलनात दरवर्षी एक छोटे नाटक होई. पडदे म्हणजे गावातून मागून आणलेल्या चादरी, रंगपट म्हणजे दुसरीचा वर्ग, आणि वीज अर्ध्यावर दगा देई म्हणून दोन गॅसबत्त्या पेटवून ठेवलेल्या.

सातवी उत्तीर्ण होऊन महाडला शिकावयास गेलेला एक मुलगा संमेलन आले की न चुकता आमच्याकडे येई. रंगमंचावर उभे राहण्याची त्याला यत्किंचितही हौस नव्हती. तेलाचे रिकामे डबे कापून त्यांत तो दिवे बसवी आणि पुढे रंगीत जिलेटीनचा कागद लावी. १९९६ च्या सुमारास, तो दहावीत असताना, त्याने कोठून तरी ऐकून मिठाच्या पाण्याचा डिमर केला. पाण्यातील दोन पत्रे एकमेकांच्या जवळ आणावयाचे आणि दूर न्यावयाचे. त्याबरोबर दिव्याचा उजेड वाढतो आणि कमी होतो. नाटकात पहाटेचा प्रवेश होता. काळोखातून उजेड असा हळूहळू वर आला की समोर बसलेल्या बायका बोलावयाच्या थांबल्या. नाटक संपल्यावर मी आत गेलो, ते उघडे पाणी आणि त्या उघड्या तारा पाहिल्या, आणि माझ्या अंगाला कापरे सुटले. मी त्याला रागे भरलो. तो मुकाट्याने ऐकून घेता झाला, आणि मग म्हणाला, "गुरुजी, हे नीट शिकवितात का कोठे?"

मी म्हणालो, "अरे, दिवे लावावयास का कोणी कॉलेजात जातो? आधी पोटापाण्याचे बघ."

पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ सालीच स्थापन झाले होते. तेथे नाट्यकलेचे रीतसर शिक्षण मिळत होते. मला ते ठाऊक नव्हते; आणि खरे सांगावयाचे तर, ठाऊक करून घेण्याची तसदीही मी घेतली नाही. मुलगा पुढे महाडातील एका मंडपवाल्याकडे लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही विद्या आहे काय? आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेष, अलंकार, रंग आणि रंगमंचावरील वस्तू यांच्या द्वारे होणारा अभिनय. म्हणजे मुकुट करणारा आणि वेष शिवणारा यांचे कामदेखील अभिनयाच्याच पंक्तीला बसविलेले आहे. त्याच ग्रंथात नाटकमंडळीतील माणसांची गणना करताना सूत्रधार आणि विदूषक यांच्याबरोबर मुकुटकार, माळा गुंफणारा, चित्रकार, एवढेच काय पण कपडे रंगविणारा व धुणारा रजक, यांचीही नावे घेतली आहेत. आम्ही मात्र नटाचे नाव जाहिरातीत ठळक छापतो, आणि रजकाचे नाव मंडळीतील माणसांनाही ठाऊक नसते.

पण शास्त्राचा आधार सोडून देऊ, आणि साधे त्रैराशिक मांडू. एक हजार वॅटचा एक दिवा २३० व्होल्टच्या विजेवर लावला तर तो सुमारे सव्वाचार अँपिअर प्रवाह घेतो. असे बारा दिवे एकदम लावले की बावन्न अँपिअर झाले. घरगुती जोडणीची तार हा भार सोसणार नाही. ती तापेल आणि जळेल. हा हिशेब ज्याला येत नाही त्याच्या हाती शेकडो प्रेक्षकांचे प्राण असतात. अतिशयोक्ती वाटत असेल तर शिकागो शहरातील इरोक्वॉय नाट्यगृहाची गोष्ट ऐका. ३० डिसेंबर १९०३ रोजी तेथे दुपारचा खेळ चालू असता एका आर्क दिव्याने पडद्याने पेट घेतला. आग अडविण्यासाठी असलेला संरक्षक पडदा खाली सोडावयास गेले, तो अर्ध्यावर अडकला. सुमारे सहाशे माणसे दगावली. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. तो दिवा आणि तो अडकलेला पडदा, दोन्ही पडद्यामागील विद्येच्या कक्षेतील होते.

आणि हे केवळ विजेपुरते झाले. हिरव्या वस्त्रावर निखळ तांबडा प्रकाश टाकला तर ते काळे दिसते. म्हणून कपडेपट सांभाळणारा आणि दिवे लावणारा यांनी आधी एकत्र बसले पाहिजे. नेपथ्य करणाऱ्याला एका फुटास अर्धा इंच अशा प्रमाणाने नकाशा काढता आला पाहिजे, आणि कडेच्या खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाला विंगेतील माणसे तर दिसत नाहीत ना, हे त्याने त्या नकाशावरूनच ओळखले पाहिजे. रंगभूषा करणाऱ्याला कोणता रंग कोणत्या त्वचेला बाधतो हे कळावे लागते. या सर्वांवर देखरेख करणारा व्यवस्थापक संहितेच्या समासात प्रत्येक खूण मांडून ठेवतो : या शब्दावर पडदा, या शब्दावर वीज चमकणार. यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, चित्रकला आहे, इतिहास आहे. शाळेत आपण हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवितो. पडद्यामागे ते एकाच तासाला लागतात.

आता ही विद्या आपल्याकडे आजवर कशी शिकली गेली ते पाहू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले, आणि पुढे नाटकमंडळ्यांचा जमाना आला. मंडळीच्या बिऱ्हाडी राहावयाचे, मंडळीच्या पंक्तीला जेवावयाचे, आणि पडेल ते काम करता करता पाहून शिकावयाचे, अशी ती रीत होती. या रीतीने मोठी माणसे घडली, हे नाकबूल करून चालणार नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवीत; त्यांतील बाबूरावांनी १९२० साली 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट पडद्यावर आणला. ललितकलादर्शचे पडदे रंगविणारे पु. श्री. काळे यांचे नाव जुन्या रसिकांच्या ओठी होते. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणून रंगमंचावर खऱ्यासारखे घर उभे केले, आणि रंगविलेल्या पडद्याचे युग ओसरले. पुढे दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर, मोहन वाघ अशा नेपथ्यकारांनी ते घर नाना परींनी सजविले. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांना पारितोषिके मिळू लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतील हौशी मंडळींनाही या कामाला मान असल्याचे प्रथम कळले.

परंतु जुन्या रीतीत एक मोठी उणीव होती. ज्याला मंडळीत शिरकाव मिळाला तोच शिकला. बाकीच्यांनी ओझी वाहिली, दोर ओढले, आणि आयुष्य सरले तरी दोर का ओढावयाचा हे त्यांना कोणी सांगितले नाही. मुलींना तर ती वाट बंदच होती. विद्या गुरूच्या मर्जीवरून काढून शाळेच्या दारात आणली, म्हणजे ती मागण्याचा हक्क सर्वांना प्राप्त होतो. नाट्यशिक्षणाच्या संस्थांचे खरे महत्त्व मला यात वाटते.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय संगीत नाटक अकादमीने १९५९ साली स्थापन केले. १९७५ साली ते स्वतंत्र झाले. पुण्यास जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते. नट होऊ पाहणाऱ्यालाही रंगमंच झाडता आला पाहिजे, ही त्यांची शिस्त प्रसिद्ध आहे. तेथील शिक्षणक्रम तीन वर्षांचा आहे; प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. सबंध देशातून दरवर्षी तीस-बत्तीस विद्यार्थी निवडले जातात, आणि निवडलेल्या विद्यार्थ्यांस विद्यालयाकडून शिष्यवृत्ती मिळते. बीड जिल्ह्यातून तेथे शिकावयास गेलेले वामन केंद्रे पुढे २०१३ साली त्याच विद्यालयाचे संचालक झाले. तत्पूर्वी २००३ साली मुंबई विद्यापीठात नाट्यशिक्षणाचा विभाग निघाला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. म्हणजे दिल्लीस जाणे न साधले तरी पुणे आणि मुंबई येथे दारे आहेत.

पैशाचे काय, असे पालक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वर्षे वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे : दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. नाट्य हा तीतील एक विषय आहे. मात्र त्या कलेचे आधीचे पाच वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते. त्याहून लहान, १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची निराळी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ६५० मुलांसाठी ठेवलेल्या या शिष्यवृत्तींपैकी १२५ परंपरागत कला जोपासणाऱ्या घराण्यांतील मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत. नमन-खेळे आणि जाखडी जपणाऱ्या कोकणातील घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. याखेरीज मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी मागासवर्गीय आणि दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना शासनाच्या शिष्यवृत्ती आहेतच. धनिक देशांतही हा विचार चालू आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयास २०२१ साली पंधरा कोटी डॉलरची देणगी मिळाली, आणि तेथे नटापासून रंगमंचाच्या तंत्रज्ञापर्यंत सर्व विद्यार्थ्यांची शिक्षण-फी माफ झाली.

शिष्यवृत्ती हा शब्द दासगावच्या माणसाने उच्चारला की त्याला एक जुनी गोष्ट आठवावी. रामचंद्र बाबाजी मोरे हे या परिसरातील. १९१४ च्या सुमारास, अवघ्या अकराव्या वर्षी, अलिबागेस जाऊन ते शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. आणि महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मुलाने वर्तमानपत्राकडे दाद मागितली. शाळेला प्रवेश द्यावा लागला, जरी तेथेही त्याला वेगळे बसावे लागले. हेच मोरे पुढे १९२७ च्या मार्चमधील महाडच्या परिषदेसाठी गावोगाव खपणाऱ्यांत अग्रभागी होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी बोटीने आले ते दासगावच्याच बंदरात उतरले, आणि तेथून महाडास गेले. चवदार तळ्याचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मोऱ्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक नाही. इतिहासालाही पडद्यामागील माणसे असतात. अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, म्हणजे त्या प्रसंगानंतर तीस वर्षांनी. तेव्हा शिष्यवृत्ती हे दान आहे, ती घेण्यात कमीपणा आहे, असे जे कोणी मनात आणतात त्यांनी ही तीस वर्षे मोजावीत.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. २००५ सालच्या जुलैमधील अतिवृष्टीत दासगावावर दरड कोसळली आणि माणसे गाडली गेली. त्या दिवसांविषयी अधिक बोलवत नाही. वीज नव्हती. मातीचे ढिगारे उपसणाऱ्यांना रात्री दिसेना, तेव्हा हा मुलगा मालकाचे जनित्र आणि दिव्यांच्या माळा घेऊन चिखलातून आला. तारा उंच कोठून न्यावयाच्या, पाण्यापासून दूर कशा ठेवावयाच्या, उजेड खणणाऱ्याच्या डोळ्यांवर न येता हातांवर कसा पडेल, हे तो भराभर सांगत होता. मी शेजारी उभा होतो. ज्या विद्येला मी दिवे लावणे म्हटले होते, ती मी त्या रात्री पाहिली.

गेल्या वर्षी तो मुलीला घेऊन माझ्याकडे आला. ती महाडला बारावी झाली होती. तिला पुण्यास जाऊन नाट्यशास्त्र, विशेषेकरून प्रकाशयोजना शिकावयाची होती. बापाला ते पसंत नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच हिला समजावा. दिवे लावायला का कोणी कॉलेजात जातो?"

माझे वाक्य माझ्यापुढे असे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी येऊन उभे राहिले. त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. ते त्याला खरेच पटलेले होते. मास्तराच्या चुकीचे हेच भय असते. ती फळ्यावर पुसली तरी मुलाच्या मनात राहते, आणि तो तीच पुढे आपल्या मुलांना शिकवितो.

मी त्याला म्हणालो, "अरे, ते मी चुकीचे बोललो होतो." तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मग जेवायचे काय, गुरुजी?"

या प्रश्नाला गोड उत्तर देऊन चालणार नव्हते, आणि आपणांसही मी ते देत नाही. व्यावसायिक नाटकात पडद्यामागील कामगाराला प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्याला नाइट म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे नाट्यगृहे बंद पडली. मधल्या काळात काही महिने ती निम्म्या प्रेक्षकांत उघडली, पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत सुरू झाली. त्या अवधीत या माणसांसाठी मदतनिधी गोळा करावे लागले. हा धोका आहे आणि राहील. परंतु जो केवळ हातांनी शिकला त्याला नाटक बंद पडले की दुसरे दार ठोठावणे कठीण जाते. ज्याला नकाशा काढता येतो, विजेचा हिशेब मांडता येतो, आणि ज्याच्याजवळ पदवी आहे, तो चित्रपट, दूरचित्रवाणी, प्रदर्शने, संग्रहालये, शाळा अशा पाच ठिकाणी जाऊ शकतो. शिक्षणाने भाकरीची हमी मिळत नाही. भाकरी मागण्याच्या जागा वाढतात.

तिच्या बापाला मी तीन गोष्टी सांगितल्या, त्या आपणांसही सांगतो. पहिली, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळी नव्हे, त्याच्या आधी चार महिने काढून ठेवावा. कागदासाठी अडलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसरी, शिष्यवृत्तीचा हप्ता मागेपुढे होतो, म्हणून निदान तीन महिन्यांच्या खानावळीचे पैसे गाठीला असावेत. तिसरी, संस्था निवडताना तेथील नट कोण झाले हे विचारू नये. कार्यशाळा आहे काय, तीत करवत आणि दिवे आहेत काय, आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते देतात काय, हे डोळ्यांनी पाहून यावे. ती दोघे वीर स्थानकावरून गाडीने निघाली आणि पाहून आली.

मुलगी सध्या पहिल्या वर्षाला आहे. शासनाची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. पहिला हप्ता उशिराच आला. दिवाळीच्या सुटीत ती मला भेटावयास आली होती. वर्गात प्रकाशयोजनेचा इतिहास चालू असताना त्यांच्या शिक्षकांनी मिठाच्या पाण्याच्या डिमरची आकृती फळ्यावर काढली; पूर्वी असे करीत, ते किती धोक्याचे होते, आणि भूसंपर्क नसला तर काय होते, हे समजावून दिले. ती म्हणाली, "गुरुजी, मी उभी राहून सांगितले की माझ्या बाबांनी दहावीत असताना असा केला होता. सर म्हणाले, त्यांना एकदा वर्गावर घेऊन ये."

तिचा बाप शेजारी बसला होता. तो खाली पाहून नखाने जमीन उकरीत होता.

श्रोतेहो, आपल्या घरी एखादा मुलगा वा मुलगी नाटकात काम न करता नाटकाचे दिवे, दोर आणि दरवाजे यांतच रमत असेल, तर तिला हसू नका, आणि माझ्यासारखे उत्तर देण्याची घाई करू नका. उत्तर ठाऊक नसेल तर चौकशी करून सांगतो म्हणा, आणि खरोखरच चौकशी करा. एका पोस्टकार्डाचे, आता एका दूरध्वनीचे ते काम आहे. मी ते त्या वेळी केले नाही.